ठिपका थांबला त्या दुपारी

मासेमारीची बंदी उठायचा आठवडा आमच्याकडे कॅलेंडरात बघावा लागत नाही. तो वासानं कळतो. ऑइलपेंट, डिझेल, नव्या नायलॉन दोराचा किंचित गोडसर वास, आणि या सगळ्याखाली पावसात भिजून फुगलेल्या लाकडाचा आंबूस वास. श्रावणाची सर येते, बंदरावर पसरलेली जाळी भिजवून जाते, मागोमाग ऊन पडतं आणि जाळी सांधणारी माणसं जागची हलतसुद्धा नाहीत. बर्फाच्या गाड्या पुन्हा गल्लीबोळांतून पाणी गाळत फिरू लागतात. रत्नागिरीत हे दिवस खुशीचे.

मला मात्र या दिवसांत भाजी निवडता निवडता, दाराला कुलूप लावता लावता हात फोनकडे नेण्याची खोड लागली आहे. फोनमध्ये बघण्यासारखं काही नसतं. ज्यात बघायची ते ॲप मी केव्हाच काढून टाकलं. तरी हात जातो, काच उजळते, आणि तिच्यावर काहीच नाही हे दिसलं तरी मी पुन्हा एकदा बघते. एका हंगामानं एवढं करून ठेवलंय.

मी जन्मानं समुद्राची नाही. माझं लहानपण गेलं पोफळी गावच्या कॉलनीत. बाबा वीजघरात होते. डोंगराच्या पोटात उतरायचे आणि ठरल्या वेळी वर यायचे. पाणी कधी सुटणार, यंत्र कधी फिरणार, कधी थांबणार, सगळं आधी ठरलेलं. उशीर होणार असला तर शेजारच्या साहेबांकडे फोन यायचा आणि कुणीतरी येऊन सांगून जायचं. आपलं माणूस या घटकेला कुठे आहे हे माहीत असणं मला नळाला पाणी असण्याइतकं साहजिक वाटायचं. आई गेल्यावर बाबा रत्नागिरीत राहायला आले आणि पुण्यातली नोकरी सोडून मागोमाग मीही आले. तोवर जगात निम्म्या घरांना ते माहीत नसतं, हे माझ्या गावीही नव्हतं.

ते कळलं पूर्णगडच्या एसटीत. माझ्या शेजारी एक बाई बसली होती, माझ्याच वयाची. मांडीवर शिवणाच्या कापडांची पिशवी. ती सारखा एकच नंबर लावत होती आणि कानाला लावून ठेवत होती.

"लागत नाही का?" मी विचारलं.

"समुद्रावर गेलेत. तिथं कुठली रेंज? लागणारच नाय."

"मग?"

"तरी लावते," ती म्हणाली आणि स्वतःशीच हसली.

ती रुकय्या. पुढे मी तिला रुकय्याभाभी म्हणू लागले. तिचा नवरा इब्राहिमभाई स्वतःच्या बोटीवर तांडेल होता. तांडेल म्हणजे बोट ज्याच्या हुकमानं चालते तो. गाव येईपर्यंत ती मला शिवणाचे भाव, कुवेतला असलेल्या भावाच्या गमती, सासूच्या गुडघ्याचं दुखणं असं सगळं सांगत राहिली. ती खाडीच्या थांब्यावर उतरून गेली, आणि माझ्या डोक्यात मात्र ते दोन शब्द बसले. तरी लावते.

परतीच्या एसटीत माझी कल्पना तयार झाली होती. बोटीवर एक छोटा डबा बसवायचा. मोबाईलचा टॉवर पोचत नाही तिथूनही तो आपली जागा उपग्रहाला कळवणार, आणि घरातल्या बाईच्या फोनवर, निळ्या नकाशावर एक ठिपका दिसणार. ठिपका हलतोय म्हणजे माणूस हलतोय. इतकं सोपं. मला रडू यायचं बाकी होतं, इतकी मी स्वतःवर खूश झाले.

एकटीनं उद्योग काढणं म्हणजे काय ते करून बघितल्याशिवाय कळत नाही. सकाळी मी इंजिनिअर, दुपारी हिशेबनीस, संध्याकाळी विक्रेती, आणि मधल्या वेळात चहा टाकणारीही मीच. कुणाशी भांडायचं तर आरशाशी. त्या काळात मी इंटरनेटवरचा एक वर्ग करत होते. तिथले सर एकच गोष्ट घोकून घ्यायचे: कल्पनेच्या प्रेमात पडू नका, आधी ती व्हॅलिडेट करा. म्हणजे पैसा आणि वर्षं ओतण्याआधी हे खरंच कुणाला हवं आहे का, याची खात्री करून घ्या. लोकांत जा, विचारा.

मी गेले. उन्हाळा संपत आला होता, डोक्यावर रुमाल बांधून मी किनाऱ्याकिनाऱ्यानं फिरले. हर्णेला संध्याकाळच्या लिलावात उभी राहिले. ओल्या वाळूत माशांचे ढीग, त्यांच्याभोवती वाकलेली माणसं, ओरडा, चिखल, डोक्यावरून पाटी नेणाऱ्या बायकांचे धक्के. एका बाईला मी गाठलं आणि विचारलं, तुमचे मालक समुद्रावर कुठे आहेत ते फोनवर दिसलं तर आवडेल का?

"आवडेल की गो बाय," ती म्हणाली, "का नाय आवडणार? आता जरा बाजूला हो, तुझा पाय माझ्या बांगड्यात हाय."

सगळ्यांनी हेच सांगितलं. हो. बरं होईल. चांगलं हाय. एकही नकार नाही. माझा विश्वास बसेना. लोक वर्षानुवर्षं कल्पना घेऊन दारोदार फिरतात आणि दारं आपटून घेतात असं ऐकलं होतं. इथे प्रत्येक दार उघडं, वर कोकम सरबत. हा त्या हंगामातला माझा पहिला धक्का, आणि तेवढाच काय तो सुखाचा.

बंदी उठली तेव्हा पहिला डबा मी रुकय्याभाभींच्या बोटीवर बसवला. इब्राहिमभाई बाजूला उभे राहून बघत होते. उंच, काटक, बोलायला कंजूस माणूस. मी त्यांना डब्याचं सगळं समजावून सांगितलं. हिरवा दिवा म्हणजे चालू, या बटणानं बंद. त्यांनी मान हलवली.

"तुम्हाला काही विचारायचंय का?" मी म्हटलं.

"पाण्यानं खराब नाय ना व्हायचं?"

"नाही."

"मग ठीक."

पहिले दिवस नुसते उत्सवाचे होते. भाभींच्या पडवीत शेजारच्या बायका जमायच्या, फोन मध्ये ठेवायचा, आणि आठ-दहा डोकी त्याच्यावर वाकायची. इब्राहिमभाईंची आई, जिला सगळा मोहल्ला खाला म्हणायचा, ती दुखरा गुडघा लांब करून बसायची आणि काठीनं ठिपका दाखवायची. "ह्यो माझा लेक." भाभी ठिपक्याशी बोलायच्या. "झालं की आता, वळा घराकडं." आणि कधी खरंच ठिपका वळायचा, की पडवीत हशा पिकायचा. मला दिवसातून तीनदा फोन यायचा. "मेधाबाय, बघतेस ना? जयगडच्या अंगाला गेलेत आज." मी रत्नागिरीत माझ्या टेबलाशी बसून तोच ठिपका बघत असायची. वाटायचं, आपण एका बाईच्या छातीवरचा दगड उचलला.

मग हळूहळू फोनांचा सूर बदलला, तो मला ऐकू यायला वेळ लागला.

"कालच्या जागेवर का गेले नाय आज?" "एकाच ठिकाणी इतका वेळ का थांबलेत?" "हे आज किनाऱ्यापासून इतके लांब का?" मी म्हणायची, जाळं टाकलं असेल, भाभी. मासे तिकडे असतील. त्या हूं म्हणायच्या आणि थोड्या वेळानं पुन्हा फोन करायच्या. एकदा गेले तर शिवणाचं यंत्र झाकून ठेवलेलं. भात करपल्याचा वास घरभर. भाभी चुलीपाशी बसून फोन बघत होत्या आणि भाताचं त्यांच्या लक्षातच नव्हतं. खाला म्हणाली, "पयली दिवसातनं एकदा घाबरायची, संध्याकाळ झाली की. आता सकाळधरनं घाबरते." ती हसत म्हणाली, म्हणून मीही हसले.

माझ्याकडे आकडे येत होते. ॲप किती वेळ उघडं राहतं ते मला दिसायचं. दिवसभर उघडं असायचं. वर्गातल्या सरांना मी ते कळवलं आणि त्यांनी टाळ्यांचं चित्र पाठवलं.

भाद्रपदातली ती दुपार. सकाळी आभाळ निवळ होतं. अकराच्या सुमाराला दक्षिणेकडून वारा सुटला, माडांच्या झावळ्या एका बाजूला विंचरल्यासारख्या झाल्या, आणि बघता बघता समुद्राचा रंग शिशासारखा झाला. बंदरावर धोक्याचा बावटा चढला. मी जेवायला पान घेतच होते, तेवढ्यात फोन आला.

"ठिपका हलत नाय."

मी माझ्या फोनवर पाहिलं. खरंच हलत नव्हता. किनाऱ्यापासून बऱ्याच अंतरावर, निळ्या रंगात टाचणी टोचून ठेवल्यासारखा तो नुसता होता.

"डबा बंद पडला असेल, भाभी," मी म्हटलं.

"असेल, का पडलाच हाय?"

डबा भिजला असेल. बॅटरी संपली असेल. ढगांमुळे उपग्रहापर्यंत पोचत नसेल. माझ्याच कामात काही चूक असेल. मी सगळं करून बघितलं. माझ्याकडचं यंत्र बंद-चालू केलं, सगळ्या नोंदी पाहिल्या. शेवटचा निरोप अमुक वेळी आला आणि मग काही नाही, एवढंच ते मला सांगू शकत होतं. एखाद्या कंपनीत असते तर दुसऱ्या खोलीत जाऊन कुणाला तरी हलवलं असतं. इथे दुसरी खोलीच नव्हती. मी स्कूटर काढली.

पावस गावापर्यंतचा रस्ता मला आठवतो तो तुकड्या-तुकड्यांत. रेनकोटाच्या आत शिरणारं पाणी, रस्त्यावर पडलेली सुरूच्या झाडाची फांदी, आणि डोळ्यांसमोर सारखा तो ठिपका. पूर्णगडला उतरून गल्लीत वळले आणि जागच्या जागी थांबले. इब्राहिमभाईंच्या घरासमोर माणसं उभी होती. पुरुष बाहेर, छत्र्यांखाली. पडवीत बायका, डोक्यावरून ओढण्या घट्ट घेतलेल्या. इब्राहिमभाईंबरोबर गेलेल्या खलाशांच्या बायकाही त्यांत होत्या. शेजारच्या गावातली चुलतसासू रिक्षानं येऊन पोचली होती. कुणीतरी कुवेतला कळवलं होतं आणि तिथून भाऊ फोनवर हुंदके देत होता. आतून कुराण वाचल्याचा बारीक आवाज येत होता.

काहीही घडलेलं नव्हतं. म्हणजे काय घडलंय ते कुणालाही ठाऊक नव्हतं. एरवी अशा वाऱ्यात हीच माणसं बंदरावर जाऊन उभी राहिली असती, वाट बघत. खाडीच्या तोंडाशी वाळूचा बांध साचलेला आहे, ओहोटीला लाटा त्याच्यावर फुटतात, बोटींना उशीर होतो, हे इथल्या पोरासोरांनाही माहीत आहे. उशीर म्हणजे उशीर. पण त्या दिवशी त्यांच्या हातात नुसता उशीर नव्हता. थांबलेला ठिपका होता. तो त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता.

मला बघून बायका सरकल्या. खालाच्या हातात तसबीह, जपाची माळ होती. तिनं माझा ओला हात धरला.

"तुझ्या यंत्राला विचार ना बाय."

"खाला, यंत्राला माहीत नाही."

"असं कसं? इतके दिवस त्याला माहीत व्हतं."

मी तिथेच, तिच्या पायाशी बसले. माझ्या आयुष्यात मला कुणी इतकं थोडं मागितलं नव्हतं आणि इतकं अशक्यही. तो बरा आहे असं सांगावं, तर मला ठाऊक नाही. नाही म्हणावं, तर तेही ठाऊक नाही. हे घर माझ्याकडे असं बघत होतं जसं कुणी दर्ग्याकडे बघेल. आणि मी तर एक डबा बनवला होता.

बोटींवरची माणसं एकेक करून येऊ लागली. ज्यांनी ओहोटीआधी खाडी गाठली होती ते कपडे बदलून घराशी आले. इब्राहिम दिसला का, म्हणून त्यांना विचारलं. सकाळी दिसला होता, मग नाही. प्रत्येक 'नाही'सरशी आतला वाचनाचा आवाज वाढत गेला. भाभी मात्र कुठे दिसेनात. त्या स्वयंपाकघरात होत्या. भिंतीला टेकून, फोन गुडघ्यावर ठेवून बसलेल्या. रडत नव्हत्या. डोळे काचेवर, आणि काच काळी पडू लागली की बोटानं तिला जागी करत होत्या. मी शेजारी बसले.

भरती लागली, उजेड मंदावला, आणि कधीतरी बाहेरची कुजबुज एकदम थांबली. मी दारात आले.

गल्लीच्या टोकाकडून इब्राहिमभाई चालत येत होते. अंगावरचे कपडे निथळताहेत, खांद्याला पिशवी. मागे त्यांचे खलाशी. गर्दी बघून ते थबकले. छत्र्या बघितल्या, ओढण्या बघितल्या, वाचन ऐकलं. सगळे त्यांच्याकडे बघत होते.

"कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

माणसांनी बाजूला सरकून पडवीकडे वाट करून दिली. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. त्यांच्या खांद्यावरची पिशवी पडली.

"माय!" ते ओरडले आणि धावत सुटले. "माय गो!"

पडवीची पायरी ते चढले तेव्हा खाला भिंतीला धरून उभी राहत होती. दोघं एकमेकांसमोर उभी राहिली. तिनं हात पुढे केला, लेकाच्या भिजलेल्या बाहीचं कापड चिमटीत धरलं आणि बोटांनी चोळून बघितलं, जसं दुकानात कापड घेताना बघतात. मग ती खाली बसली. आणि इतका वेळ आवरलेल्या सगळ्या बायका एकाच वेळी रडायला लागल्या. मेलेला माणूस परत आल्यावर बायका अशा रडतात हे मला माहीत नव्हतं.

ते आत आले, स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. भाभींनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. मग खाली फोनकडे. मग पुन्हा वर. फोनमधला इब्राहिम अजून समुद्रातच होता. दोघांतला खरा कोणता ते ठरवायला त्यांना वेळ लागत होता, असं मला त्या क्षणी वाटलं.

"डबा बंद पडला होता," मी मध्येच म्हणाले. कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं. "माझीच काहीतरी चूक असेल."

"नाय," इब्राहिमभाई म्हणाले. "मीच बंद केला."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"वारा सुटला तवा आमी जाळं ओढत व्हतो. ओहोटी लागलेली. खाडीत शिरलो असतो तर बांधावर बोट फुटली असती. म्हणून उलट बाहेर नेली, खोल पाण्यात. तिथं लाट असते, फुटत नाय. भरती व्हईपर्यंत थांबायचं." त्यांनी भाभींकडे बघितलं नाही, चुलीकडे बघत बोलले. "हिला दिसलं असतं, वादळात मी घर सोडून बाहेर चाललोय. घाबरली असती. म्हणून बटण दाबलं."

भाभींनी फोन उपडा करून खाली ठेवला. मग त्यांनी जे विचारलं ते माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

"म्हंजे याच्याआधी पण असं झालंय?"

ते टॉवेल शोधू लागले.

"कितीदा?"

"असू दे आता."

"तुमी तर दर टायमाला सांगता, हवा बरी होती."

"मग काय सांगू?" ते म्हणाले.

लग्नाला कितीतरी वर्षं झाली होती त्यांच्या. तितक्या वर्षांच्या संध्याकाळी भाभींनी हवा कशी होती म्हणून विचारलं होतं, आणि बरी होती हे ऐकून भाकरी वाढली होती. त्या सगळ्या संध्याकाळी त्यांच्या डोळ्यांसमोरून मागे जाताना मला दिसत होत्या. एकेक उचलून त्या पारखत होत्या, यातली खरी किती. तो गडी सुखरूप परत आला होता आणि तरी त्या घरातून काहीतरी गेलं होतं. बाहेर लोक अल्लाचा शुक्र मानत घराकडे पांगत होते. मीही स्कूटर सुरू केली.

पुढच्याच आठवड्यात पुण्याहून एका गृहस्थांचा फोन आला. नव्या उद्योगांना पैसा पुरवणारे होते, वर्गातल्या सरांनी नाव सुचवलेलं. मी त्यांना घडलं ते सगळं सांगितलं. सांगताना मला वाटत होतं, हे आता सहानुभूतीनं दोन शब्द बोलतील आणि फोन ठेवतील.

"बाईंनी स्क्रीन किती वेळ बघितली?" त्यांनी विचारलं.

"दुपारभर. संध्याकाळपर्यंत."

"मग मॅडम, यापेक्षा मोठा पुरावा कुठला हवाय तुम्हाला? गरज सिद्ध झाली की! माणसं अन्नपाणी सोडून बघताहेत." ते खरंच खूश झाले होते. "मी पैसे घालायला तयार आहे. फक्त एक करा. ते बंद करायचं बटण काढून टाका."

मी फोन कानाला लावून खिडकीपाशी उभी होते. खाली रस्त्यावर गणपतीच्या मांडवाचे वासे उतरवत होते. त्यांचं म्हणणं चूक आहे असं मला कुठल्याही पुस्तकातून सिद्ध करता आलं नसतं. त्यांच्या हिशेबानं ते बरोबरच होतं. धक्का मला त्याचाच बसला. एक अख्खी पडवी माझ्यासमोर शोक करत बसली होती, आणि जगात कुठेतरी त्याची नोंद यशाच्या बाजूला होत होती.

बाबांना मी विचारलं. ते गच्चीत झाडांना पाणी घालत होते. ते बटण त्यांच्याच सांगण्यावरून ठेवलेलं.

"ज्याच्या अंगावर यंत्र चालतं, त्याला ते थांबवता आलं पाहिजे," ते म्हणाले. "वीजघरात आम्ही तेच शिकलो. तुझे गृहस्थ कधी यंत्रापाशी उभे राहिले नसतील."

मी नकार कळवला. कळवताना फार शूर वाटलं असं नाही. माझं पुढचं वर्ष त्या एका ओळीनं पुसलं गेलं आणि मी दोन दिवस अंथरुणात पडून होते. सरांनी लिहिलं, लवकर चुकलात हे उत्तम. खाली फुलांचं चित्र होतं.

डबा परत आणायला गेले तेव्हा इब्राहिमभाईंनी तो आधीच काढून, पुसून, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवला होता. खालानं मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. जेवताना मी भाभींना विचारलं, "तुम्ही सगळ्यांनी तेव्हा हो का म्हटलंत मला?"

"तू काय विचारलंवतंस आठवतं का?" त्या म्हणाल्या. "आपलं माणूस कुठं हाय ते कळलेलं बरं का. त्याला नको कोण म्हणेल गो? आवशीला विचारलं पोर हवं का, तर ती नको म्हणेल?" मग माझ्या ताटात आमटी घालत म्हणाल्या, "तुझा राग नाय मला. पण दुपारची झोप गेली ती गेली. ती तू नेलीस का ह्यांनी, तेवढं काय मला ठरवता येत नाय."

त्यानंतर मी कंपनी अशी काढली नाही. इथल्या बर्फवाल्यांची, कॅनिंगवाल्यांची कामं करते, हिशेबाची, मालाच्या साठ्याची. काय हवंय ते तेच सांगतात आणि मी करून देते. बरं चाललंय. पण भाभींकडे जाणं सुटलं नाही. ईदेला जाते, फणसाच्या सांदणांच्या दिवसांत जाते. त्या घरात आता संध्याकाळी हवेबद्दल कुणी विचारत नाही, एवढं माझ्या लक्षात आलं. ते बरं की वाईट, मला कळत नव्हतं.

यंदा बंदी उठायच्या आधी इंजिन तपासायला बोट खाडीबाहेर न्यायची होती. मी सहज गेले होते. इब्राहिमभाई निघाले तेव्हा भाभी चपला घालून उभ्या. "मी येतेय," म्हणाल्या. त्या घरातली बाई कधी बोटीवर चढलेली नव्हती. खालानं तोंडावर हात ठेवला. इब्राहिमभाईंनी फळी आडवी टाकली आणि हात पुढे केला. भाभींनी मलाही आपल्या मागोमाग बोटीवर ओढलं.

समुद्र त्या दिवशी शांत होता. तरी बांध ओलांडताना बोट अशी उचलली गेली की भाभींनी माझ्या दंडात नखं रुतवली. मग पाणी मोकळं झालं. किल्ल्याचा तट आधी ठळक होता, मग झाडीत मिसळला. माड आधी वेगवेगळे होते, मग त्यांची एक रेघ झाली. भाभींना मळमळत होतं. तोंडाला ओढणी लावून त्या मागेच बघत होत्या, किनाऱ्याकडे. पुढे समुद्र केवढा पडला होता, त्याच्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

"आपलं घर कुठंशी?" त्यांनी विचारलं.

इब्राहिमभाईंनी सुकाणूवरचा हात न काढता हनुवटीनं दाखवलं.

"दिसत नाय."

"इथनं नाय दिसत."

"कधीच?"

"कधीच."

इंजिन एका लयीत ठकठकत होतं. भाभी त्या रेघेकडे बघत राहिल्या, आणि त्यांचा चेहरा हळूहळू असा होत गेला की मी नजर वळवली. इतक्या वर्षांत आम्ही कुणीच हे इब्राहिमभाईंना विचारलं नव्हतं. मी तर इतके प्रश्न घेऊन फिरले होते.

"मग तुमाला कसं कळतं," त्या म्हणाल्या, "आमी घरात बरी हाव का नाय ते?"

इब्राहिमभाईंनी इंजिन मंद केलं.

"नाय कळत," ते म्हणाले, आणि त्यांनी बोट घराकडे वळवली.